गडचिरोलीची खानेसुमारी

केंद्र सरकारच्या १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने देशाच्या खानेसुमारीला एकदाचा मुहूर्त लाभला. घरयादीचे काम २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत, माणसांची प्रत्यक्ष मोजणी २०२७ च्या फेब्रुवारीत आणि संदर्भतिथी १ मार्च २०२७, असे हे वेळापत्रक आहे. २०२१ साली व्हावयाची मोजणी प्रथम साथीमुळे लांबली, मग नुसतीच लांबत गेली आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी चालत आलेली मालिका, जी १९४१ च्या महायुद्धातही तुटली नव्हती, ती या खेपेस तुटली. या काळात शिधापत्रिकेवरील धान्यापासून आरोग्य केंद्रांपर्यंत सारा हिशेब २०११ च्या आकड्यांवर चालला. आता जातींचीही नोंद व्हावयाची असल्यामुळे ३० एप्रिल २०२५ च्या घोषणेपासून आम्हा वृत्तपत्रकारांचे रकाने त्या एका वादाने ओसंडून वाहिले. तो वाद महत्त्वाचा आहे आणि आम्हीही त्यात आपला वाटा उचलला आहे. परंतु आज वाचकांचे लक्ष आम्ही निराळ्या ठिकाणी वेधू इच्छितो. ते ठिकाण नागपूरहून मोटारीने चार तासांच्या वाटेवर आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नाही.

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. अख्खे गोवा राज्य त्यात जवळजवळ चार वेळा मावेल. २०११ च्या मोजणीत या मुलखात १०,७२,९४२ माणसे आढळली. त्याच मोजणीत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांहून अधिक भरली होती. एका चौरस किलोमीटरात ७४ माणसे हे गडचिरोलीचे प्रमाण, आणि महाराष्ट्राची सरासरी ३६५. महाराष्ट्राच्या भूमीचे शंभर भाग केले तर त्यांतले जवळजवळ पाच गडचिरोलीचे. महाराष्ट्रातील शंभर माणसे उभी केली तर त्यांत गडचिरोलीचा पुरता एकही माणूस नाही. आमच्या नागपूर शहराची लोकसंख्या त्याच वर्षी २४,०५,६६५ होती आणि ती सुमारे २१८ चौरस किलोमीटरांत राहत होती. आमच्या कचेरीच्या खिडकीतून सीताबर्डीचा मुख्य रस्ता दिसतो. दिवाळीच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर जी माणसांची दाटी होते ती पाहताना, एक अख्खा भामरागड तालुका खरेदीला लोटला आहे असे आम्हांस नेहमी वाटते. भामरागड तालुक्यात २०११ साली ३६ हजारांच्या आसपास माणसे होती, आणि ती शंभराहून अधिक गावांत विखुरलेली होती.

विरळ वस्ती हा काही दोष नव्हे, आणि ती केवळ गरिबीचीही खूण नव्हे. ज्या भूमीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग अरण्याने व्यापला आहे, जिच्या पश्चिमेस वैनगंगा, पुढे प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी आणि आग्नेयेस इंद्रावती वाहते, तेथे माणसे अशीच राहणार. प्रश्न त्यांच्या राहण्याचा नसून आमच्या राज्यकारभाराचा आहे. आमचा राज्यकारभार डोकी मोजतो. अंतरे मोजण्याची त्याला सवय नाही.

या जिल्ह्याचा इतिहासच मुळी दूर बसलेल्या कारभाऱ्यांचा इतिहास आहे. सिरोंचा हे एके काळी अप्पर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे होते. १८७४ साली तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याचे शेवटचे टोक झाले. १९०५ साली ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींतील जमीनदाऱ्या वेगळ्या काढून गडचिरोली तहसील बनविण्यात आली. १९५६ पर्यंत हा मुलूख मध्यप्रदेशात, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. राज्ये बदलली, राजधान्या बदलल्या. नागपूर गेले आणि मुंबई आली, म्हणजे अंतर तेवढे वाढले. अखेर २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. लातूर जिल्हा त्याच महिन्यातला. दोन्ही जिल्ह्यांची वये सारखी आहेत. एवढेच साम्य सांगून आम्ही पुढे जातो.

जिल्हा झाला म्हणून ठाणे जवळ आले काय? सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. नागपूरच्या माणसाला सात-बाराच्या कज्ज्यासाठी अमरावतीच्याही पलीकडे जावे लागले तर तो वर्तमानपत्रांना पत्रे लिहील, मोर्चा काढील, कदाचित उच्च न्यायालयात जाईल. सिरोंच्याचा शेतकरी पहाटेची एस.टी. धरतो. साहेब दौऱ्यावर आहेत असे तेथे पोहोचल्यावर त्यास कळते आणि तो परत फिरतो. पावसाळ्यात तर तेही नाही. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकमेकींना मिळतात. दर वर्षी पर्लकोटेचे पाणी चढले की तालुक्याचे ठाणे जगापासून तुटते. ही बातमी आमच्याही पत्रात दर वर्षी छापून येते. एका वर्षीची बातमी दुसऱ्या वर्षी तारीख बदलून छापली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही, हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

आता सरकारी मापांकडे पाहू. मैदानी भागात तीस हजार लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांस एक. उपकेंद्र अनुक्रमे पाच हजारांस आणि तीन हजारांस. ही सवलत आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण तिचा हिशेब करून पाहावा. भामरागडच्या ३६ हजारांना या मापाने पुरती दोन केंद्रेही लागू होत नाहीत. गावागणिक सरासरी तीनशे माणसे धरली, तर एका उपकेंद्राच्या परिचारिकेच्या वाट्यास दहा गावे येतात. वर्धा जिल्ह्यात दहा गावे म्हणजे सायकलवरचा एक दिवस. भामरागडमध्ये दहा गावे म्हणजे ओढे, घाट आणि पायवाटा; पाऊस असेल तर त्याहून काही अधिक. सरकारने पुष्कळ ठिकाणी मापाबाहेर जाऊन केंद्रे दिली आहेत, त्याचे श्रेय त्यास द्यावयास हवे. परंतु अपवाद म्हणून दिलेली वस्तू पुढच्या काटकसरीच्या वर्षी काढून घेता येते. मापातच बसलेली वस्तू अशी सहजासहजी काढता येत नाही. कमी पटाच्या शाळा बंद करण्याचा विचार राज्यात २०१७ नंतर वारंवार निघाला, तेव्हा त्याची पहिली झळ कोणत्या वस्त्यांना लागणार हे सांगावयास शिक्षणतज्ज्ञ लागत नव्हता. दहा मुलांची शाळा पुण्यात दिसली तर ती उधळपट्टी असेल. टोल्यावरची दहा मुले म्हणजे त्या टोल्यावरची सगळी मुले असतात.

पैशाचीही तीच गोष्ट. चौदाव्या आणि पंधराव्या वित्त आयोगांनी स्थानिक संस्थांची अनुदाने राज्याराज्यांत वाटताना लोकसंख्येला नव्वद टक्के आणि क्षेत्रफळाला दहा टक्के वजन दिले. ज्या ग्रामपंचायतीत एकच गाव आहे आणि ते डांबरी सडकेवर आहे तिला हे माप न्यायाचे वाटेल. जिच्यात आठ टोले आहेत आणि प्रत्येक टोल्यास स्वतंत्र विहीर, स्वतंत्र वाट आणि स्वतंत्र दिवा लागतो, तिने त्या दहा टक्क्यांत काय करावे?

येथे आम्हांस नागपूरकरांना एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधीची वाटणी आणि सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतील असे वचन होते. ते पाळले गेले नाही, अशी विदर्भाची तक्रार सत्तर वर्षे चालू आहे. ती खरी आहे आणि या पत्राने ती अनेकवार मांडली आहे. परंतु लोकसंख्येचे जे माप आपण मुंबईपुढे न्याय म्हणून नाचविले, तेच माप विदर्भाच्या आत लावले की नागपूर पुष्ट होते आणि गडचिरोली वाळते. पश्चिम महाराष्ट्राने आम्हांस उपेक्षिले असे आम्ही म्हणतो तेव्हा आमचा स्वर करुण असतो. गडचिरोलीने हेच नागपूरविषयी म्हटले तर आम्ही तिला रस्ते, नक्षलवादी आणि भूगोल यांची कारणे सांगू लागतो. विदर्भाचे वैधानिक विकास मंडळ १९९४ साली स्थापन झाले आणि २०२० च्या एप्रिलमध्ये त्याची मुदत संपली, तेव्हा आपण पुष्कळ शोक केला. त्या मंडळाच्या काळातही विदर्भ म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नागपूर आणि अमरावतीच येत.

ही मापे ज्या आकड्यावर उभी राहतात तो आकडा कसा तयार होतो, हे आम्ही एकदा जवळून पाहिले आहे. संपादकीय खुर्चीवर येण्यापूर्वी आम्ही शिक्षकाचा पेशा करीत होतो आणि नोकरीच्या आरंभीची काही वर्षे अहेरीकडील एका शाळेत काढली. २००१ च्या फेब्रुवारीत इतर शिक्षकांप्रमाणे आमच्याही हाती प्रगणकाचे दप्तर आले. आमच्या वाट्यास आलेल्या गावाचा एक टोला मुख्य वस्तीपासून दीड तासाच्या पायवाटेवर होता. अकरा घरे. तेथे माडिया बोलीखेरीज दुसरी भाषा कोणास नीट येत नव्हती आणि आम्हांस माडिया येत नव्हती. आमच्याच शाळेतल्या सातवीतल्या एका मुलाला दुभाषा म्हणून बरोबर घेतले होते. एका म्हाताऱ्याने आपले वय सांगताना बांबूला फुलोरा आला त्या वर्षाचा दाखला दिला. तो कोणत्या फुलोऱ्याविषयी बोलत होता हे मुलास कळेना, आणि आम्हांस तर मुळीच नाही. आम्ही साठ लिहिले.

अकरांपैकी चार घरे बंद होती. कुलपे नव्हती, नुसत्या ताट्या ओढलेल्या. शेजारणीने सांगितले की ती माणसे गोदावरीपलीकडे आंध्रात मिरची तोडावयास गेली आहेत आणि होळीच्या सुमारास येतील. नियम स्पष्ट होता: मोजणीच्या सबंध काळात जो घरी नाही त्यास त्या घरी मोजावयाचे नाही, तो जेथे असेल तेथे मोजला जाईल. नियमाप्रमाणे आम्ही सात घरे लिहिली आणि चार सोडली. मिरचीच्या त्या शेतात, झोपडीत राहणाऱ्या परप्रांतीय मजुरास कोणी प्रगणकाने गाठले असेल काय, हा विचार त्या दिवशी आमच्या मनात आला नाही. दोन वर्षांनी त्या टोल्याच्या बायका अंगणवाडी मागावयास एका कचेरीत गेल्या, तेव्हा वस्ती मापात बसत नाही असे उत्तर त्यांस मिळाले. कारकुनाने खानेसुमारीचा आकडा काढून दाखविला. तो आकडा आमच्या हस्ताक्षरातला होता.

ही कथा सांगावयाचे कारण असे की २०२७ ची मोजणीही फेब्रुवारीतच व्हावयाची आहे. मिरचीची तोडणी फेब्रुवारी-मार्चात भरास येते आणि गडचिरोलीच्या दक्षिण व पूर्व तालुक्यांतून, शेजारच्या चंद्रपूर-गोंदियातूनही, बायकापुरुष टोळ्या करून आजच्या तेलंगणात जातात. धानाचे पीक एकदा घरात आले की उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने येईपर्यंत हाताला काम नसते, म्हणून जातात. दिल्लीत ज्यांनी ही तिथी ठरविली त्यांनी हिमाच्छादित प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६ ही निराळी तिथी ठेवली आहे. बर्फाने अडलेल्या माणसांची काळजी घेतली हे योग्यच झाले. पोटासाठी बाहेर पडलेल्या माणसांसाठी तशी सोय मागणे हा हट्ट ठरू नये. तिथी बदलणार नसेल तर निदान महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन राज्यांच्या जनगणना संचालकांनी एकत्र बसून मिरचीच्या शेतांवर मराठी व माडिया जाणणारे प्रगणक धाडावेत. आणि घरयादीच्या टप्प्यात ज्या घरात माणसे नोंदली, ते घर फेब्रुवारीत बंद आढळल्यास तेथील माणसे कोठे गेली याची वेगळी नोंद ठेवावी. मोजणीचा अंक कोणत्या राज्यात पडतो हा तांत्रिक प्रश्न असेल. ती माणसे कोठेच न पडणे हा तांत्रिक प्रश्न नाही.

दुसरी अडचण भाषेची. बाहेरून पाहणाऱ्यास गडचिरोली म्हणजे एक अरण्य वाटते, पण त्या अरण्यात पाच-सहा भाषा राहतात. आरमोरी-वडसा भागात झाडीपट्टीची मराठी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची बंगाली, आणि एटापल्ली-भामरागडात माडिया व गोंडी. माडिया गोंडांची गणना केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमातींत केली आहे. महाराष्ट्रात अशा तीनच जमाती आहेत. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ पासून पंतप्रधान जनमन नावाची मोठी योजना चालू झाली. जमातीची माणसे किती आहेत आणि कोठे आहेत हेच नीट ठाऊक नसेल तर घरे आणि रस्ते कोणाच्या नावे मंजूर करावयाचे? या वेळी प्रगणकाच्या हाती कागदी तक्ता नसून मोबाईल यंत्र असेल असे सांगतात. यंत्र उत्तर साठवील. प्रश्न मात्र कोणीतरी माडियात विचारावा लागेल. जिल्ह्यात बारावी आणि पदवी झालेली माडिया, गोंड मुलेमुली आता पुष्कळ आहेत. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीतच आहे. ही मुले दुभाषी म्हणून नव्हे, प्रगणक म्हणून नेमावीत. शिक्षकांवरचा भारही तेवढा हलका होईल, हे आम्ही जुन्या जखमेला स्मरून लिहितो.

मोजणी बिनचूक झाली म्हणून कारभार बिनचूक होईल असे नाही. गडचिरोलीस बदली ही शिक्षा आहे, ही समजूत सरकारी नोकरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सरकारने आदिवासी व नक्षलग्रस्त भागांत काम करणारांस २००२ पासून एकस्तर वरची वेतनश्रेणी देऊ केली. तरी तेथे रुजू होण्याऐवजी रजेवर जाणे, रजेनंतर आजारी पडणे आणि आजारातून बरे होताच बदली रद्द करून आणणे, ही कला काही लोपली नाही. तिला हातभार लावणारे वजनदार लोक नागपुरात आणि मुंबईत राहतात. जागा कागदावर भरलेली आणि खुर्ची रिकामी असे दृश्य ज्यास पाहावयाचे असेल त्याने एखाद्या सोमवारी एटापल्लीस जावे. पटवाऱ्याकडे चार साझे, ग्रामसेवकाकडे तीन ग्रामपंचायती. मग सही कोठे मिळेल हे ठरविण्यासाठीच माणसाचा एक दिवस मोडतो.

रिकाम्या खुर्चीची जागा रिकामी राहत नाही. १९८० पासून नक्षलवादी या अरण्यात आले आणि त्यांनी काही काळ आपणच सरकार असल्याचा आव आणला. त्या सरकारचे खरे स्वरूप ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलिसांच्या प्रेतांत आणि १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याच्या स्फोटात दिसले. त्यांनी मारलेल्या आदिवासींची यादी तर याहूनही लांब आहे. आता तो अध्याय मिटत आलेला दिसतो. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या नावाने वावरणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवून शरण आला. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्यावर स्वातंत्र्यानंतर प्रथमच एस.टी.ची गाडी धावली. आम्हांस या दोन बातम्यांत दुसरी अधिक मोठी वाटली.

या बदलाचे मोठे श्रेय पोलिसांकडे जाते, आणि ते त्यांस मनःपूर्वक दिले पाहिजे. परंतु त्यातच एक विसंगती आहे. पोलिसांनी आपल्या मदत केंद्रांतून ‘दादालोरा खिडकी’ नावाची सोय उघडली. तेथे जातीचे दाखले, आधारपत्रे, शेतीच्या योजनांचे अर्ज अशी कामे होतात. लोक तेथे गर्दी करतात, कारण तेथे माणूस भेटतो. बंदूकधारी शिपायाने दाखला द्यावा आणि दाखला देणाऱ्या तहसिलीचा माणूस भेटू नये, ही पोलिसांची कीर्ती आहे आणि मुलकी कारभाराची अपकीर्ती. उद्या शांतता स्थिर झाली आणि मदत केंद्रे कमी झाली, तर ती खिडकी कोण उघडी ठेवणार? याचे उत्तर महसूल खात्याने आजच शोधून ठेवावे.

अहेरी हा वेगळा जिल्हा करावा अशी मागणी दक्षिणेकडील तालुक्यांतून अनेक वर्षे होत आहे. नव्या जिल्ह्यांच्या मागण्यांकडे आम्ही एरवी संशयाने पाहतो. पुष्कळदा त्या मागण्यांमागे लोकांच्या सोयीपेक्षा एखाद्या पुढाऱ्याचे क्षितिज अधिक असते, आणि जिल्हा झाला की प्रथम विश्रामगृह बांधले जाते. लोकसंख्येच्या नियमाने पाहिले तर आधीच लहान असलेल्या जिल्ह्याचे आणखी दोन तुकडे करणे हास्यास्पद दिसेल. परंतु अंतराच्या नियमाने पाहिले तर सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, मुलचेरा आणि अहेरी यांचे ठाणे अहेरीसच असावयास हवे. तेथे अपर जिल्हाधिकारी बसतात; त्यांस पुरे अधिकार, पुरे मनुष्यबळ आणि स्वतंत्र निधी प्रथम द्यावा. दोन वर्षे तो कारभार चालवून दाखवावा आणि मग पाटी बदलावी. पाटी आधी आणि माणसे नंतर हा क्रम १९८२ साली झाला होता. त्याची पुनरावृत्ती आम्हांस नको आहे.

याच जिल्ह्याने माप बदलून दाखविण्याचे धडेही दिले आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने एकोणचाळीस गावांत प्रथम जन्म आणि मृत्यू यांची काटेकोर मोजणी केली, आणि मग गावातल्याच बायकांना नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्यास शिकविले. दवाखाना दूर असेल तर उपचार घरी न्यावा, एवढीच ती कल्पना. नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते वृत्त जगापुढे मांडले. पुढे केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या मार्फत हीच पद्धत देशभर स्वीकारली. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने तर सरकारी वहीतील बालमृत्यू आणि प्रत्यक्षातील बालमृत्यू यांतील तफावत साऱ्या राज्यापुढे ठेवली. जे मूल मोजले गेले नाही ते मेल्याचेही कोणास कळत नाही, ही गोष्ट गडचिरोलीने महाराष्ट्रास शिकविली. आदिवासी भागांत आरोग्य केंद्राच्या आवारातच ‘माहेरघर’ बांधून बाळंतिणीस दिवस भरण्यापूर्वी तेथे आणून ठेवण्याची योजनाही याच जातीची आहे. खाटेवर निजवून बाईला नदीपार नेण्याची वेळ त्यामुळे टळते; जेथे माहेरघर चालू आहे तेथे.

धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाने तर निराळेच काही केले. पाचशेच्या आसपास वस्तीचे हे गोंडांचे गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर वनावर त्यास सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणारी देशातील जी पहिली गावे, त्यांत त्याची गणना होते. डोकी मोजली तर मेंढा काहीच नाही, आमच्या धरमपेठेतील दोन गल्ल्या. पण त्या पाचशे माणसांवर केवढ्या रानाची राखण आहे हे पाहिले म्हणजे लोकसंख्येचा आकडा किती तोकडा आहे ते कळते. गडचिरोलीचे अरण्य राखले जाते त्याचा लाभ वैनगंगेच्या पाण्यापासून आमच्या उन्हाळ्यापर्यंत सर्वांना होतो, आणि आता सुरजागडच्या लोखंडाचा लाभही सर्वांना व्हावयाचा आहे. माल मोजताना टनांचे माप, माणसे मोजताना डोक्यांचे माप आणि खर्च करताना काटकसरीचे माप, हा व्यवहार सरळ नाही.

शेवटचा मुद्दा प्रतिनिधित्वाचा, आणि तो आम्हांस सर्वांत निकडीचा वाटतो. २०२६ नंतरच्या पहिल्या खानेसुमारीवर मतदारसंघांची फेरमांडणी करण्यास घटनेने वाट मोकळी ठेवली आहे. २००८ च्या फेरमांडणीत विदर्भाच्या विधानसभेतील जागा ६६ वरून ६२ वर आल्या, हे वाचक विसरले नसतील. गडचिरोली जिल्ह्यातून आज तीन आमदार जातात: आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी. तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. एकट्या नागपूर शहरातून सहा जातात. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली, गडचिरोलीची साडेदहा टक्क्यांनी. २०११ च्या आकड्यांनीच हिशेब केला तर राज्याच्या सरासरीने या जिल्ह्याच्या वाट्यास पुरते तीन आमदार येत नाहीत, पावणेतीन येतात. नव्या मोजणीत हा अपूर्णांक आणखी घटला आणि मिरचीच्या शेतांतील माणसे त्यातून गळाली, तर तीनांचे दोन करण्याचा मोह कोणासही होईल. मग एका आमदाराने आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंतच्या मुलखाचा अर्धा भाग फिरावयाचा. भौगोलिक रचना आणि दळणवळणाच्या सोयी लक्षात घ्याव्यात असे २००२ च्या परिसीमन कायद्यातही लिहिलेले होते. पुढच्या आयोगाच्या कायद्यात ते शब्द पुन्हा यावेत आणि गडचिरोलीच्या तीन जागांखाली जाता येणार नाही असा ठराव विधिमंडळाने आधीच करून ठेवावा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनास याहून उचित विषय कोणता? मुख्यमंत्र्यांनी २०२५ च्या जानेवारीत गडचिरोलीचे पालकमंत्रिपद स्वतःकडे घेतले, आणि ते नागपूरचे आहेत. ठराव मांडण्यास त्यांस कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

खानेसुमारीच्या १९४८ च्या कायद्याने व्यक्तीची माहिती गुप्त राखली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु गावाचा एकूण आकडा गुप्त नसतो. प्रत्येक टोल्याची एकूण डोकी, बंद घरे धरून, ग्रामसभेत वाचून दाखवावीत आणि ग्रामसभेस हरकत घेण्यास पंधरा दिवस द्यावेत, एवढी सूचना आम्ही जिल्हा प्रशासनास करतो. ज्या टोल्याची सात घरे आम्ही लिहिली त्यात आता एकोणीस घरे झाली आहेत, असे आमच्या त्या दुभाष्या विद्यार्थ्याने मागच्या उन्हाळ्यात कळविले. तो आता तेथेच शिक्षक आहे. फेब्रुवारीत त्यांपैकी किती घरांच्या ताट्या ओढलेल्या असतील हे कळवावयास आम्ही त्यास सांगितले आहे. त्याचे पत्र आले की सरकारचा आकडा आणि त्याचा आकडा आम्ही याच जागी शेजारी शेजारी छापू.